दुर्मिळ तबकडी आणि तिचे वाटेकरी

संग्रहाचा षोक मनुष्यस्वभावाइतकाच जुना आहे. परंतु सर्व संग्राहक एका जातीचे नसतात. कित्येकांचा संग्रह केवळ कुलपाची शोभा वाढविण्यापुरता असतो. आपल्याजवळ आहे ते दुसऱ्या कोणाजवळ नाही या जाणिवेतच त्यांचा सारा आनंद साठविलेला असतो, आणि तीच वस्तू उद्या घरोघर झाली तर तिच्यावरील त्यांचे प्रेमही ओसरून जाईल. दुसरे काही असे असतात की, एखादी अपूर्व वस्तू हाती लागली म्हणजे ती चार रसिकांस दाखविल्यावाचून त्यांस अन्न गोड लागत नाही. पहिला कृपण व दुसरा उदार असा निवाडा देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण वाटणारा काय वाटतो, कोणाचे वाटतो, आणि वाटताना मूळ धन्याचे नाव घेतो की नाही, हे प्रश्न त्या निवाड्याने सुटत नाहीत. आणि आमच्या मते कलेच्या क्षेत्रात खरे महत्त्व याच प्रश्नांचे आहे.

हा विषय सुचण्यास कारण अलीकडच्या संगीतव्यवहारात निर्माण झालेला एक नवा संग्राहक होय. त्यास 'डी. जे.' म्हणतात. आमच्या गडचिरोली-चंद्रपूर भागात हा शब्द उच्चारला की, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेले ध्वनिवर्धकांचे मनोरे, त्यांच्यापुढे नाचणारी वरात आणि घरांच्या भिंतींना बसणारे हादरे एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. पण मुळात हा शब्द यंत्राचा वाचक नसून मनुष्याचा वाचक आहे. तबकड्या निवडून, एकीस दुसरी जोडून, रात्रभर श्रोत्यांस नाचविणारा जो रसिक, तो डी. जे. तो स्वतः गात नाही, बहुधा वाजवीतही नाही. त्याची सारी पुंजी म्हणजे त्याचा संग्रह नि त्याची निवड. एका अर्थी तो टीकाकारच होय. फरक इतकाच की, टीकाकार आपले मत लिहून सांगतो आणि हा ते वाजवून सांगतो. तेव्हा त्याच्या कामाची परीक्षा टीकेच्याच मापाने केल्यास त्यात अन्याय होणार नाही.

अशा परीक्षेसाठी आम्ही एक प्रसिद्ध उदाहरण घेतो. १९८२ साली मुंबईत चरणजित सिंग नावाच्या वादकाने 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु ए डिस्को बीट' या नावाची एक तबकडी केली व ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने ती प्रसिद्ध केली. त्याच वर्षी, २६ ऑगस्ट रोजी, जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून आमचा गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. या दोन घटनांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नाही. तथापि त्या वर्षी मुंबईत काय वाजविले गेले ते आज सारे जग ऐकू शकते. त्याच वर्षी आमच्या रानात काय गाइले जात होते, हे ऐकावयाचे झाल्यास तबकडी कोठे मागावी, हा प्रश्न पुढे आम्हांस विचारावा लागणार आहे. म्हणून हा योगायोग येथेच नमूद करून ठेवितो.

चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजविणारे कलावंत होते. राहुल देव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांसारख्या संगीतकारांच्या ध्वनिमुद्रणांत त्यांनी गिटार व विजेवर चालणारी स्वरवाद्ये वाजविली. चित्रपटाच्या तबकडीवर गायकाचे, कवीचे व संगीतकाराचे नाव छापण्याची वहिवाट होती. पाठीमागे बसून वाजविणाराचे नाव छापण्याची नव्हती. आयुष्याचा मोठा भाग अशा रीतीने अनामिक राहून वाजविलेल्या या मनुष्यास त्या सुमारास तीन जपानी यंत्रे मिळाली : खर्जातील स्वरांची साखळी गुंफणारे एक, तालाचे ठोके देणारे दुसरे, आणि हाताने वाजवावयाचे मोठे स्वरयंत्र तिसरे. रोलँड कंपनीच्या या यंत्रांची नावे टी. बी. ३०३, टी. आर. ८०८ व ज्युपिटर ८ अशी आहेत. चित्रपटसृष्टीत तेव्हा डिस्कोचे वारे वाहत होते. तबला बाजूस ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवून पाहावेत, ही साधी कल्पना त्यांस सुचली व तिच्यातून दहा रागांची ही तबकडी निघाली. बाजारात तिचा फारसा गाजावाजा झाला नाही, आणि लवकरच लोक तिला विसरले.

पुढे २००२ साली एदो बाउमन हा डच संग्राहक दिल्लीतील एका दुकानात जुन्या तबकड्या चाळीत असता ही त्याच्या हाती आली. ती ऐकून तो चकित झाला. कारण 'ॲसिड हाउस' म्हणून जो संगीतप्रकार अमेरिकेतील शिकागो शहरात उदयास आला असे सर्वत्र मानीत, त्याची आद्य तबकडी १९८७ ची. आणि येथे तर तेच यंत्र, तोच घुमणारा खर्ज, तीच अखंड ठोक पाच वर्षे आधी मुंबईत ऐकू येत होती. कृपण संग्राहक असता तर त्याने ही तबकडी पेटीत ठेवून मित्रांपुढे मिरविली असती. बाउमनने तसे केले नाही. त्याने मुंबईस येऊन चरणजित सिंगांचे घर गाठले, आणि २०१० साली 'बॉम्बे कनेक्शन' या आपल्या संस्थेतर्फे ती तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. जुन्या कलावंतास नवे श्रोते मिळाले. उतारवयात त्याने युरोपात जाऊन या संगीताचे जाहीर कार्यक्रम केले. २०१५ च्या जुलै महिन्यात मुंबईत त्याचा अंत झाला, तेव्हा तो अनामिक राहिला नव्हता.

कथा गोड आहे. पण टीकाकाराने कथेच्या गोडीवर कलाकृतीचे मोल ठरवू नये. तबकडी स्वतः कशी आहे? प्रथम दोष सांगतो. जवळजवळ पाच पाच मिनिटांत एकेक राग उरकलेला असल्यामुळे विस्तीर्ण आलापीस येथे जागाच नाही. यंत्राचे स्वर सम अंतरांनी बांधलेले. त्यामुळे तोडीचा तो खाली झुकलेला कोमल गांधार, ज्याच्या एका दर्शनाने तोडी ही तोडी होते, तो येथे सरळ पट्टीवर उभा केलेला आढळतो. ललितात दोन मध्यमांचा जो सलगीचा व्यवहार आहे, त्याची हुरहूर श्रुतींच्या सूक्ष्म हालचालीत असते. यंत्रास दोन्ही मध्यम ठाऊक आहेत, ती हालचाल ठाऊक नाही. आता, हाच आक्षेप एके काळी बाजाच्या पेटीवरही घेण्यात आला होता, आणि १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीस आपल्या दारातून बाहेरही काढले होते. तरी पेटी मेली नाही. मराठी रंगभूमीने तिला आणि तिच्या वडील बहिणीस, ऑर्गनला, कधी सोडले नाही. आमच्या झाडीपट्टीच्या नाटकांत तर ऑर्गनचे सूर अजून रात्रभर घुमतात. म्हणून पट्टीचा दोष दाखविणे योग्य असले, तरी त्यावरून एकदम फाशीची शिक्षा देणे योग्य नव्हे.

दुसरा दोष याहून खोल आहे, आणि तो तालाचा. गमतीची गोष्ट अशी की, या यंत्राचे एक आवर्तन सोळा घरांचे असते व आमचा त्रितालही सोळा मात्रांचा. आकडा जुळला, पण जीव जुळला नाही. त्रितालाच्या सोळांत एक सम असते, आणि नवव्या मात्रेवर एक खाली असते. खालीवर तबल्याचा बायाँ मुका होतो. त्या क्षणिक रिकामपणामुळेच पुढे येणाऱ्या समेची ओढ लागते. डिस्कोच्या ठेक्यात प्रत्येक ठोका समेच्याच तोऱ्याने पडतो. जेथे सर्वच सम, तेथे सम कोणतीच नाही. रागाच्या ज्या श्रोत्यास समेवर मान डोलविण्याची सवय आहे, त्यास येथे मान कोठे डोलवावी हे समजत नाही. पाय मात्र आपोआप हलू लागतात. हे संगीत पायांसाठी आहे हे ओळखून ऐकले म्हणजे मग त्याचे गुणही दिसू लागतात.

तेव्हा गुण सांगावयास हवेत. खर्जाच्या त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची एक युक्ती आहे. तिला मींड म्हणणे हे धाडसाचे होईल; पण ती मींडेची दूरची नातलग आहे यात संशय नाही, आणि चरणजित सिंगांच्या कानास हे नाते ताबडतोब ओळखू आले. शिवाय या दहांत भूपाळी, कलावती, मालकंस, बैरागी असे पाच पाच स्वरांचे औडव राग आहेत. थोडे स्वर पुन्हा पुन्हा फिरविल्याने जी गुंगी येते, ती या रागांच्या प्रकृतीस मानवते. म्हणून आमच्या कानांस तरी मालकंस व कलावती येथे बरेच साधले आहेत, आणि ललित व तोडी फसले आहेत. ज्या रागाचे चलन सरळ त्यास यंत्र सांभाळून नेते. ज्याचा प्राण स्वराच्या आंदोलनात त्यास ते केवळ सांगाडा देऊ शकते. एवढा विवेक केल्यावर आम्ही म्हणतो की, ही तबकडी थोर नसली तरी प्रामाणिक आहे, आणि तिच्यातील हिशेब कळणाऱ्या वादकाचा आहे.

पण युरोपात तिची स्तुती या गुणांसाठी झाली काय? मुळीच नाही. स्तुती झाली ती 'पहिली' म्हणून. शिकागोच्या आधी मुंबई, एवढ्या एका वाक्यात सारा गौरव आटोपला. काहींना तर ही गोष्ट इतकी अविश्वसनीय वाटली की, एखाद्या आधुनिक पाश्चात्त्य कलावंताने रचलेली ही बनवाबनवी असावी अशीही शंका निघाली. वस्तुतः शिकागोच्या तरुणांचा वंश चरणजित सिंगांपासून निघालेला नाही. दोन ठिकाणच्या माणसांनी एकच यंत्र हाती घेतले, आणि त्या यंत्राच्या अंगच्या खोडी दोघांनाही सापडल्या, इतकाच त्याचा अर्थ. आणि 'पहिले'पणाची शर्यतच लावावयाची तर तीही येथे थांबत नाही. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्येच मूग हे स्वरयंत्र बसविण्यात आले होते, आणि गीता साराभाई, अतुल देसाई प्रभृतींनी तेथे १९७२ पर्यंत विजेच्या ध्वनींचे प्रयोग केले होते. लंडनचे कलावंत पॉल पर्गस यांस २०१७ मध्ये त्या संस्थेच्या संग्रहात त्या फिती आढळल्या, आणि २०२३ साली त्या प्रसिद्ध झाल्या. उद्या आणखी कोणाची तरी पेटी उघडेल, व आजचा पहिला दुसरा ठरेल. तेवढ्याने मालकंसाचा एक स्वरही कमी-अधिक गोड होणार नाही. संग्राहकास क्रमाचे वेड असणे स्वाभाविक आहे. रसिकाने ते वेड उसने घेऊ नये.

मग बाउमनचे श्रेय कशात? आमच्या मते ते शोधात नाही, सालांच्या हिशेबात नाही, तर कलावंताच्या दारात जाऊन उभे राहण्यात आहे. बनवाबनवीची शंका लेखणीच्या वादाने फिटली नसती. हा मनुष्य, हे त्याचे घर, ही त्याची यंत्रे, एवढे दाखविताच ती फिटली. दुर्मिळ वस्तू वाटणाऱ्याने तिच्याबरोबर तिचा पत्ताही वाटला पाहिजे, हा धडा या उदाहरणातून मिळतो. वरवर तो क्षुल्लक वाटेल; पण या धंद्याचा इतिहास पाहिला म्हणजे तो किती जणांस जड गेला हे ध्यानात येते.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३ च्या सुमारास ज्याने नव्या नाचगाण्याचा पाया घातला, तो कूल हर्क नावाचा डी. जे. आपल्या तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरील कागदी चकत्या काढून टाकीत असे. हेतू हा की, आपण काय वाजवितो हे प्रतिस्पर्ध्यांस कळू नये. इंग्लंडच्या उत्तर भागातील डी. जे. चकतीवर कोरा कागद चिकटवून गाण्यास खोटेच नाव देत. हे वाचून आमच्या वाचकांस हसू येईल. पण हसण्यापूर्वी आपल्या घराकडे पाहावे. आमच्या उस्तादांनी तरी दुसरे काय केले? घराण्यातील चीज परक्याच्या कानी पडू नये म्हणून अंतरा गिळून टाकणे, बोल अस्पष्ट उच्चारणे, शिष्यासही बारा वर्षे राबविल्यावाचून खरी बंदिश न देणे, या गोष्टी आपल्या संगीताच्या आख्यायिकांत जागोजाग आढळतात. चकती धुण्याची कला आम्हांस कोणी शिकवावयास नको.

या कुलपास किल्ली लाविली ती पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी. त्यांनी देशभर हिंडून, गायकांची मनधरणी करून, चिजा मिळविल्या आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांत त्या स्वरलिपीसह छापून टाकल्या. 'हिंदुस्थानी संगीतपद्धति' हा आपला मोठा ग्रंथ त्यांनी मराठीत लिहिला, ही आम्हां मराठी वाचकांस अभिमानाची गोष्ट आहे. स्वरलिपीत गायकी उतरत नाही, हा त्यांच्यावरील आक्षेप खराच आहे. पण त्या आक्षेपामुळे त्यांच्या दानाचे मोल उणे होत नाही. ज्यास चार आण्यांचे पुस्तक घेता येत होते, त्यास उस्तादाची चीज मिळू लागली, ही क्रांती लहान नव्हे. मुंबईत १९९० साली स्थापन झालेली भारतीय तबकडी-संग्राहकांची संस्था ही याच परंपरेतील होय. सुरेश चांदवणकर यांच्यासारखे संग्राहक तिच्याद्वारे जुन्या ध्वनिमुद्रिका लोकांस ऐकवीत व त्यांचा तपशील छापीत आले. चोरबाजारातील धुळीतून काढलेली तबकडी ऐकविताना गायक कोण, साल कोणते, कंपनीचा क्रमांक काय, हे सांगण्याची जी शिस्त या मंडळींनी पाळिली, ती आमच्या दृष्टीने त्या तबकडीइतकीच मोलाची आहे.

येथवर जे विवेचन झाले ते शहरांचे झाले. आता आमच्या अरण्याकडे वळतो; कारण या प्रश्नाची खरी धार येथे लागते. ७८ फेऱ्यांची जुनी तबकडी कशाची होत असे? तिच्यात दगडाची पूड असे, काजळी असे, आणि त्या सर्वांस एकत्र बांधणारी लाख असे. लाख म्हणजे पळस, कुसुम व बोर यांच्या फांद्यांवर पोसणाऱ्या किड्याची देणगी, आणि तिच्या पुरवठ्यात हिंदुस्थान जगात अग्रेसर होता. मध्य हिंदुस्थानच्या रानांतून आदिवासी बायाबापड्यांनी खरवडून काढलेली लाख व्यापाऱ्यांच्या हातून कारखान्यांत जाई. कोणत्या झाडाची लाख कोणत्या तबकडीत गेली हे आता कोणी सांगू शकणार नाही. परंतु बालगंधर्वांचे पद असो, की युरोपातील एखाद्या गायिकेचे गीत असो, ते ज्या द्रव्यावर कोरले गेले ते द्रव्य रानातले होते, एवढे निश्चित. रानाने जगाच्या गाण्यास अंग दिले. रानाच्या स्वतःच्या गाण्यास मात्र ते अंग फार क्वचित लाभले.

आमच्या धानोरा, एटापल्ली, भामरागड या तालुक्यांतून गोंड व माडिया लोकांचे रेला गीत हा नाचगाण्याचा जिवंत प्रकार आहे. हातांत हात गुंफून रांग धरावयाची, एका गटाने ओळ म्हणावयाची, दुसऱ्याने ती उचलावयाची, आणि 'रेला' या शब्दावर सर्वांनी मिळून परत यावयाचे, अशी त्याची सर्वसाधारण ठेवण असते. या गाण्यांची तबकडी कोठे मिळेल असे कोणी विचारल्यास आम्ही त्यास चोरबाजार दाखवू शकत नाही. पण आता एक नवी गोष्ट घडली आहे. गावचे नि तालुक्याचे तरुण या गाण्यांचे मुद्रण मिळवून त्यांस यंत्राचा ठेका जोडतात, आणि लग्नाच्या वरातीत त्या ध्वनिवर्धकांच्या मनोऱ्यांतून ते वाजवितात. जे काम बाउमनने दिल्लीच्या दुकानात केले, तेच एका परीने हे तरुण करीत आहेत. दुर्मिळ गाणे सापडवावे, आणि नाचणाऱ्यांपुढे ठेवावे.

याविषयी सुशिक्षितांचे मत ठरलेले आहे : हा गोंगाट असून त्याने लोकसंगीताचा घात होत आहे. आम्हांस हे मत इतके सरळ वाटत नाही. काल-परवापर्यंत याच वरातींत केवळ हिंदी चित्रपटांची गाणी वाजत. आज तेथे गोंडी शब्द मोठ्या आवाजात उमटतात, आणि ज्या तरुणास वर्गात आपली भाषा उच्चारण्याचा संकोच वाटतो तो तेथे तिच्यावर छाती काढून नाचतो. ही मिळकत लहान नाही. दोष यंत्राचा नाही. ज्या अर्थी मालकंसाने यंत्राचा ठेका सोसला, त्या अर्थी रेलासही तो सोसेल. रसाच्या दृष्टीने आमची तक्रार वेगळी आहे. यातील पुष्कळशा मिश्रणांत एका गटाची ओळ उचलून ती फिरत ठेवितात, आणि दुसऱ्या गटाचे उत्तर गाळून टाकितात. त्रितालातून खाली काढली म्हणजे जे होते, तेच येथे होते. प्रश्न राहतो, उत्तर जाते. आणि जे गाणे दोन गटांच्या संवादात जगत होते ते एकट्याचे बडबडणे होऊन बसते. ज्या तरुणाचा कान तयार आहे त्यास ही चूक सुधारणे अवघड नाही. दुसऱ्या गटास आत घ्यावयाचे, आणि त्याच्यासाठी ठोक्यांत थोडी जागा मोकळी ठेवावयाची.

परंतु दुसरी तक्रार रसाची नसून न्यायाची आहे. आमच्या एका विद्यार्थ्याने आपल्या फोनमधील अशी चाळीसएक गाणी मोठ्या हौसेने आम्हांस ऐकविली. प्रत्येक गाण्यात मध्येच एक भारदस्त आवाज उठे, आणि हे मिश्रण कोणत्या डी. जे.ने केले, त्याचे गाव कोणते, हे पुकारून सांगे. एकेका गाण्यात तीन तीन वेळा. गाणाऱ्या बाईचे नाव मात्र चाळीसांत एकदाही आले नाही. ती कोण, असे आम्ही विचारले तेव्हा तो क्षणभर गप्प राहिला आणि म्हणाला, "सर, ते तर कोणाचंच नाही, आपलं जुनं गाणं आहे."

हे उत्तर खोटे नाही, म्हणूनच त्याचा विचार केला पाहिजे. लोकगीतास कर्ता नसतो, असे आम्हीही वर्गात शिकवितो. पण कर्ता नसला तरी गाणारी असते. ती अमुक गावची असते, अमुक प्रसंगी गात असते, आणि तिच्या गळ्याची एक विशिष्ट फिरत असते, जी शेजारच्या गावातील बाईची नसते. बंदिश सदारंगाची असली म्हणून ती गाणाऱ्या गायकाचे नाव तबकडीवरून कोणी पुसले नाही. हाच न्याय एटापल्लीच्या बाईस का लागू नये? दुसरा आक्षेप असा येईल की, नावाच्या नादी लागून वाटणेच थांबले तर गाणे मरेल. त्यापेक्षा बिननावाचे जगलेले बरे. हा विकल्पच मुळी खोटा आहे. नाव सांगावयास लागणारा वेळ अर्ध्या मिनिटाहून अधिक नाही. चरणजित सिंगांचे नाव सांगितल्याने त्यांची तबकडी कमी वाटली गेली नाही. उलट कलावंत जिवंतपणी सापडला, त्यास मान मिळाला, त्याच्याकडून पुढचे ऐकावयास मिळाले. बिननावाच्या गाण्याचे नेमके हेच होत नाही. ते ऐकून कोणास आणखी ऐकावेसे वाटले, तर त्याने जावे कोणाच्या दारी? ज्या बाईस अशी शंभर गाणी येतात तिच्या घरावरून वरात वाजत निघून जाते, आणि आत बसलेल्या तिला आपलाच आवाज ऐकून नवल वाटत असेल, तर तेवढेच.

हे टाळण्याचा उपाय नवा शोधावयास नको. तो आपल्या देशातील तबकड्यांच्या जन्माबरोबरच जन्मला आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहर जान हिची गाणी मुद्रित झाली, तेव्हा तबकड्या तयार व्हावयाच्या होत्या जर्मनीत, हानोव्हरच्या कारखान्यात. तेथील कारागिरांस आवाजावरून गाणारी ओळखू यावयाची नव्हती. म्हणून गाणे संपताच गाणारीने आपले नाव स्वतःच्या तोंडाने पुकारावे असा प्रघात पडला, आणि गौहर जानने ते इतक्या ठसक्यात पुकारले की, गाण्याइतकेच ते पुकारणेही लोकांच्या ध्यानात राहिले. कागदाची चकती पाण्यात भिजवून काढता येते; गाण्याच्या पोटातच सांगितलेले नाव असे धुऊन निघत नाही. कापावयाचे म्हटले तर कापता येईल, पण मग कापणाऱ्यास आपण काय करीत आहो हे समजून कापावे लागेल.

तेव्हा आमची सूचना अगदी साधी आहे. आज आमच्या भागातील पुष्कळ तरुणांच्या खिशात मुद्रणाचे यंत्र आहे. जो कोणी गाणे उतरवून घेईल त्याने गाणे सुरू होण्यापूर्वी गाणारीस तिच्याच भाषेत तिचे नाव, गाव आणि गाण्याचा प्रसंग सांगावयास लावावे, व स्वतः तारीख सांगावी. त्यावर ठेका चढविणाऱ्याने स्वतःचे नाव हवे तर तीनदा पुकारावे, पण तिचे एकदा राहू द्यावे. आणि चार पैसे मिळाले तर त्यातील वाटा तिच्या घरी पोचवावा. गडचिरोलीस २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे. अशी मुद्रणे त्याच्या छत्राखाली, गाणाऱ्यांच्या संमतीने, एकत्र ठेविता येतील. याहून मोठी योजना आखण्याचा आमचा अधिकार नाही, आणि तिची गरजही आम्हांस वाटत नाही.

संग्राहकाची खरी कसोटी त्याने पेटी उघडली की नाही एवढ्यावर संपत नाही. पेटीतून जे निघाले त्याच्याबरोबर त्याचा माणूसही बाहेर निघाला काय, हे पाहावयाचे असते. बाउमनने ते केले म्हणून त्याच्या अतिशयोक्त भक्तांसह आम्ही त्यास मान देतो. आमच्या वरातींतील तरुण वाटेकऱ्यांनीही ते करावे. त्यांच्या ठेक्याविषयी मग आम्ही एक अक्षरही वावगे बोलणार नाही. फार तर दुसऱ्या गटाचे उत्तर तेवढे परत मागू.